शेडेड दोऱ्याचा मासा

१४ तारीख, बुधवार, दुपार

आई,

तीर्थरूप वगैरे लिहायला गेले की माझं शुद्धलेखन घसरतं, म्हणून नुसतं आई. नमस्कार मात्र पूर्ण समज. मी ठणठणीत. खोकला गेला. पायाला भिंगरी आहेच, तरी महिनाभर याच गावात टिकलेय, म्हणजे बघ.

तुझं पत्र पोचलं. गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांनी तुला त्यांच्याशी लग्न करशील का विचारलंय, आणि मी नको म्हटलं तर तू त्यांना नकार देणार आहेस. वाचलं. त्यावर येतेच. आधी दोऱ्याचं ऐक.

मी भरतकामाच्या दुकानात लागलेय. दुकानवाल्या काकू फटकळ आहेत, पण चहा दोघींचा करतात. काचेत लावायला नमुना हवा म्हणून त्यांनी मला क्रॉस स्टिचचा मासा भरायला दिला, आणि शेडेड दोऱ्याची लडी. तू कधी वापरलायस? दोरा एकच, पण हिरव्याचा निळा होतो, निळ्याचा जांभळा. मी एक पदर टेबलावर ताणला आणि हिरवा नेमका कुठे संपतो ते शोधत बसले. टाचणी लावली. मान जरा कलती केली की टाचणी चुकलेली! गिऱ्हाईक येऊन उभं, आणि मी टाचणी सरकवतेय.

काकू म्हणाल्या, "सापडला की मलाही सांग हो. माझे केस पिकले शोधता शोधता."

मग भरायला घेतलं, अगदी तुझ्या पद्धतीने. एक पदर दुमडून, मागे फास अडकवून, बिनगाठीचं. जाताना ओळभर अर्ध्या फुल्या, येताना उरलेल्या. माशाला खरूज झाली! दोरा दुमडला की हिरव्यावर जांभळा येऊन बसतो ना.

"कुणी शिकवलं असं?"

"आईने."

"आईचं बरोबरच आहे, दोरा वेगळा आहे. दोन पदर सुटे घे, दोन्ही एकाच रंगाकडून सुरू कर. आणि एकेक फुली पुरी करून पुढे सरक. घाई असेल तर बस पकड."

उसवलं. उसवताना दोरा पिंजला, आणि अर्ध्या माशाशीच लडी संपत आली. दुसरी काढली, नंबर तोच, पण रंगवण्याची खेप वेगळी. हिरवा जरा पिवळट. मी रडकुंडीला आले. मला जुन्यासारखाच हवा होता. सगळे खण उपसले. (एका खणात मांजराची पिल्लं निघाली, चार! त्यात तासभर गेला.)

"तो रंग आता नाही मिळायचा," काकू म्हणाल्या. "थोडा उरलाय ना? मग सुईत एक पदर जुना घाल, एक नवा. काही ओळी तशा भर. मग नुसता नवा."

जिथे दोन्ही आहेत तिथे खवले लकाकतात गं. मी मासा उन्हात नेऊन पाहिला, सावलीत पाहिला, उलटा धरून पाहिला.

तर. काकांचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवी भरली होती, अजून लांब जायला. राग नव्हता. भीती वाटली. मी कुठेही बिनधास्त भटकते ती घर आहे तसंच आहे, बाबांच्या माघारी त्यांची खुर्चीही तिथेच आहे, या भरवशावर. तिथे दुसरं माणूस आलं की मला दार वाजवून, थांबून, मग आत यावं लागेल असं वाटलं.

पिशवी नंतर रिकामी केली. आता भीतीपेक्षा चौकशाच जास्त आहेत. काका जेवताना बोलतात का? त्यांच्या घरातली घड्याळं एकदम वाजतात की एकामागून एक? तुला हसवतात? पत्रात त्यांच्याबद्दल दोनच ओळी, आणि दोन्ही खोडून पुन्हा लिहिलेल्या. लाजलीस काय गं?

हो म्हण. माझ्याकडे बघून नको, तुला हवंय म्हणून म्हण. खुर्ची मात्र मी येईपर्यंत हलवू नका, कुठे ठेवायची ते तिघं मिळून बघू. शेपटी भरून झाली की निघतेच.

दार न वाजवता आत येणारी,
तुझीच लेक