लाटा वगळून

१ नोव्हेंबर १९९७, भाऊबीज
अहिल्याताईकडे जायचं रद्द. ती पार पूर्व किनाऱ्यावर, आणि इकडे दिल्लीत ऑफिसात नवा पेंटियम कॉम्प्युटर आलाय. वादळात समुद्र किती चढून आत शिरेल, हे आधीच सांगणारं माझं मॉडेल निर्णायक टप्प्यावर आहे. एसटीडीवरून तसं समजावलं. ताई म्हणाली, ओवाळायला भाऊ लागतो, मॉडेल नाही. भाऊजी गेल्यापासून एकटीच असते, तिथल्या शाळेत शिकवते. पुढच्या वर्षी नक्की.

४ नोव्हेंबर
उद्यापासून मॉर्निंग वॉक.
ज्युनिअर सुधन्वा डोकं खातोय. म्हणे, सर, नुसता वारा धरून भागणार नाही, लाटाही घ्या. लाटा किनाऱ्याशी फुटतात, पाणी लोटत राहतात, पातळी आणखी चढते. शिवाय लाटांनी खडबडीत झालेल्या समुद्रावर वाऱ्याची पकड जास्त. मी शांतपणे सांगितलं, लाट जेवढी वर जाते तेवढीच खाली येते. सरासरी शून्य. शून्यासाठी पेंटियम कशाला शिणवायचा? गप्प बसला. पटलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
वॉक उद्यापासून. सुरेखाने गुडगावला फ्लॅट बघायला नेलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरला कंटाळलीय. बिल्डर म्हणाला, पाण्याची बिल्कुल चिंता नको. नळ उघडला तर नुसती हवा. लोक इतक्या आत्मविश्वासाने कसं बोलतात, कळत नाही.

१३ नोव्हेंबर
बंगालच्या उपसागरात वादळ! ताईच्याच किनाऱ्याकडे निघालंय. लगेच मॉडेल चालवलं. पाणी तिच्या गल्लीच्या बरंच अलीकडे थांबतंय. फोन केला. म्हणाली, ट्रक आलेत, सगळ्यांना हलवताहेत. मी म्हटलं, अजिबात हलू नकोस, सरकारी लोकांना घाबरवण्यापलीकडे काय येतं? (मीही सरकारीच, पण ते वेगळं.) ताई खूश. म्हणाली, गल्लीतही सांगते, माझा भाऊ दिल्लीत हेच काम करतो. भरून आलं. यंदाची ओवाळणी अशी पोचली.

१५ नोव्हेंबर
वारा मी धरला होता तेवढाच निघाला. अगदी तंतोतंत! पाणी मात्र गल्लीत शिरलं, असं तिथल्या कंट्रोल रूमने कळवलं.
ताईचा फोन लागत नाही. लाइनी तुटल्या असतील, दुसरं काय.
सुधन्वा चहा ठेवून गेला, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर
ताई सापडली. शाळेच्या गच्चीवर होती. ऑफिसातच रडलो.

२७ नोव्हेंबर
ताईला दिल्लीला आणलं. जेवत नाही. सुरेखाजवळ बोलली. शेजारची वरलक्ष्मी ट्रकमध्ये चढून बसली होती. ताईनेच तिला हात धरून खाली उतरवलं. पाणी आल्यावर दोघी शाळेकडे धावल्या. ताई पोचली.
संध्याकाळी ताईला आकृती काढून दाखवली, की मॉडेल तसं बरोबरच होतं, फक्त एक बाब वगळली गेली. ती मधेच उठून बाल्कनीत गेली. प्रवासाचा शीण असेल.

२ डिसेंबर
सुधन्वाने परस्पर लाटा घालून मॉडेल पुन्हा चालवलं. पाणी गल्लीत येतं. घराघरात. मी म्हटलं, अच्छा, ठेव तो कागद तिथे. दिवसभर त्याच्यावर फाइल ठेवली होती.

४ डिसेंबर
ताई परत निघाली. म्हटलं, आता इथेच राहा, तुझं कोण आहे तिकडे? म्हणाली, वरलक्ष्मीचा मुलगा हैदराबादहून यायचाय, त्याला भेटायला हवं. स्टेशनवर सामान लावून दिलं. ताईने खिडकीतून विचारलं, तो विचारेल आई ट्रकमधून का उतरली, त्याला काय सांगू?
मी म्हणालो, पाण्याची बाटली आणू का?
नको म्हणाली. तरी आणायला गेलो. परत आलो तेव्हा गाडी सुटली होती.