बाबांच्या दगडांची भिंत

मी अंकुश कवडू चाफले, वय सव्वीस, धंदा मजुरी, मूळचा केळझर, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हल्ली हिमाचलात बोगद्याच्या कामावर. डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यायलो नाई, मानगुटीवर बसून कोणी लिहून घेत नाई. सोमवारी गावाकडे निघतो. जिवंत परत येईन याची खात्री नाई, म्हणून माझ्यामागं काय करावं ते लिहून ठेवतो.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते आई कोकिळाबाईचं. त्यातून माझी तेरवी करू नये. ज्यांनी कोर्टात तोंड फिरवलं त्यांले जेवू घालायचं नाई.

२. मोबाईल गावातल्या अपेक्षाले, जिच्याशी लग्न करायचं माझ्या मनात होतं. काच फुटलेली आहे, सुपरवायजरच्या थोबाडावर फुटली. अपेक्षानं माझा फोन कधी उचलला नाई, आता हा तरी ठेवावा.

३. घण, सब्बल, छिन्न्या बहीण काजलले. टेकडीमागची जुनी फरसबंद वाट वर्धेची मंडळी पुन्हा मोकळी करून राह्यली, बाहेरच्या लोकांले पायी फिरवायसाठी. काजल त्यांची वाटाडी आहे. झुडपं निघाली, पायऱ्या बसल्या. काम अडलं ते वाटेलगत शेत असलेल्या वासुदेवरावाच्या भिंतीपाशी. नावातला राव लोकांचा, माझा नाई.

४. त्यानं आधी काट्यांचं कुंपण घालून वाट शेतात ओढली, तेव्हा बाबा एकटेच काटे उपटाले गेलते. त्यानं अन् त्याच्या गड्यांनी बाबांले सब्बलीनं मारलं. डोकं फुटून बाबा वाटेच्या वळणावरच मेले. साक्षीदार फिरले, तो सुटला. आमच्याकडे वाटेवर माणूस मारला गेला तर येणारा-जाणारा तिथं एक दगड ठेवतो. बाबांचा ढीग कमरेएवढा झालता. वासुदेवरावानं कुंपणाच्या जागी भिंत बांधली अन् तो ढीग उचलून तिच्यात चिणला. मग मी घणानं त्याचा उजवा हात मोडला. अजून वाकडा आहे. मले पस्तावा नाई.

५. दिवाळीत त्याले फोन केला. वाट सोड, मी सगळं विसरतो, असं म्हटलं. तो हसला.

"येजो बाबू," तो म्हणाला. "तुया बापाच्या बाजूले जागा रिकामीच हाय."

म्हणून जातो, भिंत पाडाले. आडवा आला तर त्याचा डावा हातही शाबूत राहणार नाई.

६. मी त्या वळणावर मेलो तर मामा नानाजीनं कुऱ्हाड काढू नये. माझा ढीग घालावा. पण त्याले नाल्यातला, वावरातला एकही दगड लावू नये. काजलनं वाटेवर जितके लोक आणले, तितक्यांनी त्या भिंतीतला एकएक दगड काढून माझ्यावर ठेवावा. तो तरी किती जणांले मारील?

भिंत संपली की ढीग घालणं बंद करावं.

लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, एक अक्षर खोडलं नाई, सही करतो.

अंकुश कवडू चाफले
बोगद्याचा लेबर कॅम्प, किन्नौर
९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. आदेश मून, नाचणगाव. (नको जाऊ म्हटलं होतं. तरी सही केली.)
२. अंकित तडस, पिपरी मेघे. (मी सोबत जातो.)