तुमच्या विहिरीत पोरी उतरवल्या

आबा,

परवा तुमच्या पुण्यतिथीला मी तुमच्या विहिरीत पोरी उतरवल्या. मुद्दाम. तुम्ही बसवलेली लोखंडी जाळी गड्यांकडून काढून घेतली आणि सोलापूरहून टेम्पोत, आयांसकट, आणलेल्या माझ्या पोहण्याच्या वर्गातल्या पोरींना मोटेच्या दगडाजवळ ओळीनं बसवलं. त्या दगडावर तुम्ही उभे राहायचात. भाऊ कुरकुरला, "आक्का, आबाच्या दिवशी कशाला हे?" मी म्हटलं, "आबाच्याच दिवशी." तो धाकटा, त्याला माझ्याशी वाद घालता येत नाही. तुमच्याशी मलाही घालता आला नाही, म्हणून तर इतकी वर्षं थांबले.

विहिरीकडं जायच्या वाटेवर त्यानं तुमचा फ्लेक्स लावला होता. फेटा बांधलेले तुम्ही, आणि खाली 'कष्टाळू, धाडसी, कुटुंबवत्सल'. पहिल्या दोन शब्दांबद्दल माझी तक्रार नाही. उजाडायच्या आत रानात जाणारा माणूस तुम्ही. टेंभुर्णीपासून माढ्यापर्यंत कुणाची मोटर विहिरीत पडली की आपल्या दारात माणूस उभा. कमरेला दोर बांधून तुम्ही बुडी मारायचात, तळाच्या अंधारात नुसत्या हातानं चाचपून मोटर शोधायचात, तिला साखळी अडकवून वर यायचात. लोक नारळ-टॉवेल द्यायचे, तुम्ही तो टॉवेल खांद्यावर टाकून राजासारखे घरी यायचात. एकदा पुरात झाडावर अडकलेला माणूस तुम्ही पोहत जाऊन आणला, ते गाव अजून सांगतं. दारू नाही, आईवर कधी हात नाही. कुटुंबवत्सल म्हणायला गावाला आणखी काय लागतं? पण गाव आपल्या घरात राहत नव्हतं, आबा. मी राहत होते.

उन्हाळा लागला की तुम्ही गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचात. मी बांधावरच्या लिंबाखाली शेरडं राखत बसलेली. तुम्ही दगडावर उभे आहात, पाठीला रिकामा डबा बांधलेलं एखादं पोरगं खाली गटांगळ्या खातंय, आणि तुमची हाक शिवारभर घुमतेय, "तू पान्याला धरू नगं, पानी तुला धरतंय की!" माझी ती हाक पाठ झाली. एका दुपारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेले. पाणी खरंच धरायला लागलं होतं. तेवढ्यात तुम्ही आलात, वेणी धरून मला वर ओढलंत आणि सगळ्या पोरांदेखत म्हणालात, "पोरगी हिरीत पवाय लागली की घरची ऱ्हात न्हाय." पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी लाल रिबिनी आणल्या, ज्या वेणीला धरून ओढलं तिच्याचसाठी. तुमची माफी मागायची ती पद्धत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्या लावल्या नाहीत. धाकट्या बहिणीला देऊन टाकल्या.

पुढल्या पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब भरली होती. आम्ही पाच-सहाजणी पायऱ्यांवर धुणं धूत होतो. धाकटी कळशी बुडवायला खालच्या पायरीवर गेली आणि शेवाळावरून सटकली. फार लांब गेली नव्हती ती, आबा. आमच्यापासून दोन हातांवर होती. चुलतीनं लुगडं फेकलं, तिच्या हाताला ते लागलं आणि सुटलं. आम्ही सगळ्या ओरडत होतो. पाण्याकाठी जन्म गेलेल्या बाया, आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. तुम्ही शिकवलेली पोरं शाळेत होती. तुम्ही बार्शीकडं कुणाची तरी मोटर काढायला गेला होतात. गड्यांना तळ सापडेना, म्हणून तुमची वाट बघितली. संध्याकाळी तुम्ही आलात, अंगातला सदराही न काढता बुडी मारलीत आणि तिला घेऊन वर आलात. तिच्या वेणीला त्या रिबिनी होत्या.

गाव म्हणालं, बापाचं काळीज बघा, स्वतः काढलं लेकीला. मी तेराव्यानंतर तुमच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, मला शिकवा." तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. "आता तर न्हाईच," एवढं बोललात, आणि आठवड्याभरात लोहाराकडून जाळी करून आणलीत. लोकांना वाटलं, दुःखानं विहीर झाकली. मला वाटलं, चूक झाकली. त्या दिवसापासून मी तुम्हाला वाढलं, तुमचे कपडे धुतले, शेवटच्या आजारात तुमचे पायही चेपले, पण माफ केलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत म्हणा.

तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात मी सोलापुरात पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. दोन लेकरांची आई, शाळेतली बाई, पोरीबाळींत उभी राहून पाय मारायला शिकले. नवरा म्हणाला, या वयात हे काय खूळ. मी म्हटलं, हे खूळ नाही, हिशेब आहे. मग सुट्टीत पोरींना शिकवायला लागले. आणि पहिल्याच दिवशी, एक पोरगी घाबरून कठड्याला चिकटली तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? तुमची हाक. जशीच्या तशी, गावच्या बोलीत. पोरींना वाटतं ती माझी आहे. मीही कधी सांगितलं नाही कुणाची ते. तुम्ही मला दिली नाहीत म्हणून चोरली, आणि चोरीचा माल कुणी मालकाच्या नावानं विकत नाही.

तर परवा. हार घालून झाला, भाषणं झाली, आणि मी पोरींना एकेक करून उड्या मारायला लावल्या. गाव काठावर जमा झालं. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. मला वाटत होतं, बघा म्हणावं आता, कोण घरची राहिली नाही ते. शेवटची पोरगी अगदी धाकटीएवढी. पाण्यात पडली आणि बावरली, हात झाडायला लागली. मी दगडावर चढले आणि ओरडले, "तू पान्याला धरू नगं, पानी तुला धरतंय की!" ती शांत झाली, पाठीवर तरंगली.

आणि मागून तुमचा एक जुना चेला, आता पार म्हातारा झालेला, काठी आपटत म्हणाला, "आरं, ही तर आबाची हाक! व्हय की न्हाय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावानं माईक घेऊन सांगून टाकलं की आक्कानं आबांचं काम पुढं चालवलं. झालं. इतक्या वर्षांचा माझा सूड, तोही तुमच्याच नावावर जमा झाला. मेल्यावरसुद्धा तुम्ही वरचढ.

हे कागद मी भावाला दाखवणार नाही, पुढल्या पुण्यतिथीला कुणी वाचूनही दाखवणार नाही. रिबिनींबद्दल त्याला काही ठाऊक नाही, तसंच राहू दे. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तो म्हातारा "आबाची हाक" म्हणाला, तेव्हा पाण्यातल्या पोरीवरची नजर काढून मी झटकन मागं वळले. तुमचं तोंड कसं झालंय, ते मला बघायचं होतं.