झुंबराकडे पाहणारे चाळीस पाहुणे

प्रति,
मा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी,
नगर कार्यालय, तळमजला, जिन्याखाली.

विषय : थोरल्या बहिणीच्या मृत्यूची नोंद रद्द करून तिला घरी पाठवण्याबाबत.
संदर्भ : बंगल्यातील मेजवानी खून खटला.

महोदय,

काल माझे दाजी माझ्या ताईच्या खुनातून निर्दोष सुटले. परंतु असा निकाल लागूच शकत नाही, सबब तो लागलेला नाही असे धरून हा अर्ज करीत आहे.

ताई शिवणकाम करायची. मोठ्या घराने तिला सून करून घेतले. मला भाऊ म्हणून जेवायला बोलावणे त्यांना शोभत नव्हते, म्हणून वाढपी म्हणून बोलावत. मी वाढायला वाकलो की ताई मान वर न करता पुटपुटायची, "मेल्या, टाय सरळ कर."

त्या दिवशीही वाढत होतो. दाजींनी चाळीस पाहुण्यांसमोर गोळी झाडली. ताई पडली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आइस्क्रीम थांबवू नका, वितळेल." थांबले नाही.

खटल्यात चाळीसही जणांनी शपथेवर सांगितले की त्या क्षणी ते झुंबर बघत होते. वर्तमानपत्रांनी दाजींचे सूट रोज छापले. ताईला एकदा, तेही अर्धी कापून. साक्षीत मी 'दाजी' म्हटले, तर 'आरोपी म्हणा' अशी समज मिळाली. आता तेही म्हणायची सोय राहिली नाही.

त्यांच्या वकिलांनी विचारले, "वाढप्यानं पाहुण्यांकडे बघायचं नसतं, ताटाकडे बघायचं असतं. मग तुला दिसलं कसं?"

म्हणालो, "ताटाकडेच बघत होतो, साहेब. पिस्तूल सुरीच्या जागी होतं. आणि ताईही खालीच पडली."

लोक हसले. एरवी मी हसवायलाच बोलतो. तेव्हा नव्हतो बोललो.

बाहेर दाजींचा माणूस म्हणाला, "झालं गेलं सोड. साहेब म्हणतात, कामावर ये." जाणार नाही.

आता मुद्दा. गोळी कोणी झाडली हे सिद्ध झाले नाही, म्हणजे कोणीच झाडली नाही. न झाडलेली गोळी लागत नाही, न लागलेल्या गोळीने माणूस मरत नाही. तरी आपल्या दप्तरी ताई मृत आहे. चूक एकतर कोर्टाची आहे किंवा आपली. कोर्टात विचारून आलो. त्यांची नाही म्हणतात.

सबब नोंद रद्द करून ताईला रविवारपर्यंत घरी पाठवण्याचे आदेश व्हावेत. ते आपल्या अधिकारात नसल्यास मृत्यूच्या कारणापुढे दाजींचे नाव लिहावे. दोन्हीपैकी एक होईपर्यंत मी आपल्या दारातून हलणार नाही. अर्जही इथेच बसून लिहिला आहे.

आपला, तूर्त नम्र,
ताईचा धाकटा भाऊ
(टाय सरळ आहे)

दिनांक : न लागलेल्या निकालाचा दुसरा दिवस

सोबत : घराची किल्ली. ताईची त्या बंगल्यात राहिली. ही तिच्या हाती द्यावी.