हरिपूरच्या शेडमधलं वजन

हरिपूर, सांगली
१० फेब्रुवारी १९९९

आदरणीय नागसेनदादास,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम.

नोकरीत रुळले आहे. आमचे मालक लालासाहेब हळदीचे व्यापारी. स्वभावाने वाईट नाहीत, फक्त प्रत्येक काम त्यांना कालच झालेलं हवं असतं. ऑफिसात माझा छोटा, चपटा कॉम्प्युटर आहे. मैदानापलीकडच्या शेडमध्ये वजनकाट्याला जोडलेला तसलाच दुसरा. तिकडचं वजन इकडे आपोआप दिसावं, अशी त्यांची इच्छा. पण वायर टाकायला जमीन खणता येत नाही. इथे मैदानाखाली जागोजागी पेवं आहेत, म्हणजे हळद साठवायची खोल कोठारं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढी पोकळी. पाय आपटला तर काही ठिकाणी जमीन घुमते. खांबावरून नेलेली वायर ट्रकांनी दोनदा ओढून नेली.

तू फौजेत सिग्नलला होतास, आता साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतोस, म्हणून विचारते. बिनतारी कार्ड असतं म्हणे. माझं यंत्र उघडून पाहिलं. आत एक लांब काळी खाच रिकामी आहे आणि एक आखूड पांढरी. काळीच्या पुढ्यात डिस्कचा डबा आडवा येतो. विंडोज पंच्याण्णवचं आहे. यात काय बसेल?

सल्ल्याची फी म्हणून वहिनीला एक किलो हळद पाठवीन. तुला नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
आम्रपाली

सातारा
१९ फेब्रुवारी १९९९

चि. आम्रपालीस,
दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी स्वप्ना म्हणाली, घाईच्या बाबतीत लालासाहेब म्हणजे तुमचाच थोरला भाऊ दिसतोय.

आता कामाचं. तीन कार्डं पाहिली. पहिलं पूर्ण लांबीचं, ते तुझ्या डिस्कच्या डब्यावर आपटेल. दुसरं पांढऱ्या खाचेचं, दिसायला लय झकास, पण त्याला नवी विंडोज लागते. तिसरं काळ्या खाचेचं आणि निम्म्या लांबीचं. जुनाट आहे, पण तुझ्या यंत्राला तेच बसेल. दोन्हीकडे एकाच कंपनीचं लागतं, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. सरकारी परवाना लालासाहेबांनी काढावा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. परवाना आला की कळव, स्वतः येऊन बसवून देतो. एरियल खिडकीबाहेर काढू.

त्या घुमणाऱ्या जमिनीवरून जपून चाल. आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

तुझा,
दादा

हरिपूर
१८ एप्रिल १९९९

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम.

तू कार्डं बसवून गेलास त्याला पंधरवडा झाला. शेडमध्ये पोतं काट्यावर ठेवलं की माझ्या पडद्यावर आकडा उमटतो. लालासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवतात.

पण एक गोष्ट कोणापाशी बोलू कळत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेडला कुलूप असतं, काटा रिकामा असतो. तरी माझ्या पडद्यावर वजन येतं. आधी थोडं होतं, मला वाटलं उंदीर. मग ते रोज वाढत गेलं. काल छप्पन्न किलो होतं. मी किल्ली घेऊन पळत गेले, दार उघडलं. काट्यावर काहीच नाही. काट्याच्या डब्यावर मात्र तोच आकडा.

इथे हळद निवडायला हरणाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई येतात. त्यांनी माझा चेहरा पाहून विचारलं, म्हणून सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, की काटा ठेवलाय तिथंच खाली पेव हाय. त्यांचे यजमान आकाराम हळद काढायला त्यात उतरले होते आणि बाजू ढासळली. लालासाहेबांच्या वडिलांनी माणूस वर काढायच्या ऐवजी पेवच मातीनं बुजवून टाकलं. पुढे त्यावर शेडची फरशी आली. मग त्यांनी मला आकडा पुन्हा विचारला. मी छप्पन्न म्हणाले. तर म्हणाल्या, धनी अंगानं तेवढंच हुतं.

दादा, हे कार्डाचं काही असेल ना? तसं असेल तर लवकर लिही.

तुझी,
आम्रपाली

सातारा
२१ एप्रिल १९९९

चि. आम्रपालीस,
जयभीम.

पोस्टाची वाट न पाहता हे सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय.

आधी मी हसलो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि लगेच कागद घेऊन बसलो. कार्ड स्वतःहून आकडा तयार करत नाही, काटा देतो तोच ते पुढे पाठवतं. दुसऱ्या कुठल्या लहरींची गडबड असेल तर आकडा उड्या मारतो, असा रोज थोडा थोडा चढत नाही. याचा अर्थ काट्याला खरोखर काहीतरी रेटतंय. बुजवलेली माती बसत असणार, फरशी कलत असणार. त्या शेडमध्ये कोणालाही पाऊल टाकू देऊ नकोस. मालक काहीही म्हणोत. नोकरी गेली तर साताऱ्याला निघून ये, घर आहे.

बाकीचं, हरणाबाई म्हणतात ते, मला ठाऊक नाही.

दादा

हरिपूर
३ मे १९९९

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम.

मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते.

तुझं पत्र लालासाहेबांना वाचून दाखवलं. बाहेर ट्रक खोळंबले होते. ते म्हणाले, भावाला सांग, कार्डापुरतं बघ. आणि हमालांना पोती उचलायला लावली. मी शेडच्या दारात आडवी उभी राहिले. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तेवढ्यात हरणाबाई आल्या आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, आमच्या धन्याच्या अंगावरनं लय पोती नेली, आता न्हाई. हमालांनी पोती खाली ठेवली. एकही माणूस त्यांना ओलांडून आत गेला नाही. मी त्यांच्या शेजारी बसले.

ऊन कलताना आत फरशी कुरकुरली. आम्ही दोघी उठून मागे सरलो, आणि सगळी शेडच खाली बसली. काटा, कॉम्प्युटर, मागची भिंत, सगळं जमिनीत गेलं. वर नुसती पिवळी धूळ. लालासाहेबांनी हमालांची डोकी मोजली, सगळे बाहेर होते.

ऑफिसात परत आले, तर पडद्यावर आकडा तसाच. छप्पन्न. दादा, तिकडची वीज तुटली होती, यंत्र ढिगाऱ्याखाली होतं. उकरायचं काम चाललं तितके दिवस तो आकडा हलला नाही. मी पडद्यावर टॉवेल टाकून ठेवायची.

आकाराम सापडले. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. म्हणजे माती टाकली तेव्हा... पुढचं मी लिहीत नाही. दंडातल्या चांदीच्या कड्यावरून हरणाबाईंनी ओळखलं. पोलिसांचा पंचनामा झाला, लालासाहेबांनी वडिलांचं कृत्य लपवलं नाही. मग अग्नी दिला.

नदीच्या संगमावर अस्थी सोडायला सगळे गेले तेव्हा मी मुद्दाम ऑफिसात थांबले होते. टॉवेल काढून पाहत होते. आकडा एकदम उतरला नाही. कोणी सावकाश उठावं तसा कमी कमी होत शून्यावर आला. हरणाबाई परतल्यावर त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ठावं हाय बाई, पाण्यात सोडताना माझा हातबी तसाच हलका झाला.

लालासाहेबांनी मला राहायला सांगितलंय. अजून ठरवलं नाही. दोन्ही कार्डं पार्सलने पाठवते, तपासून पाहा.

तुझी,
आम्रपाली

सातारा
१४ मे १९९९

चि. आम्रपालीस,
दादाचा जयभीम.

पार्सल मिळालं. तुझ्या ऑफिसातलं कार्ड ठणठणीत आहे. शेडमधल्या कार्डाचे मधोमध दोन तुकडे झालेत, एरियलची तार मुळातून उपटलीय. अशा कार्डातून एक अक्षरही बाहेर पडत नाही. फौजेत इतकी वर्षं हेच काम केलं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

स्वप्ना सारखी विचारत होती. मी तिला सांगितलं, कुठंतरी सांधा सैल राहिला होता. तुला कोणी विचारलं तर तूही तेच सांग. पण तू स्वतः त्यावर विश्वास ठेवू नकोस, मीही ठेवत नाही.

हरणाबाईंना माझा नमस्कार कळव. जमलं तर त्यांना घेऊन चार दिवस इकडे ये. तुमची दोघींची वाट पाहतो.

तुझा,
दादा