मंडईतली गिटार

१० ऑक्टो. ७९, आंधळगाव
दादाचा तिसरा लेख आला. मुंबईचं इंग्रजी मासिक, रॉक संगीताचं, खाली माह्या भावाचं नाव! चारदा वाचला, अर्धाच समजला. अख्ख्या गावात रेडिओले कान लावून ड्रम ऐकणारा हा एकटाच. बाबा म्हणे, "नाव छापून पोट भरते का रे?" पण संपादकानं कळवलं, पुढचा लेख जमला तर मुंबईत कायमची नोकरी.

२४ ऑक्टो.
नागपूरले आलेला बँड दादा दिवाळीनंतरच्या आपल्या मंडईच्या जत्रेत आणून राहिला! दुपारी दंडारीचं नाच-गाणं झालं की हे वाजवणार. दादा त्यावरच लिहिणार. आईले एकच काळजी, "त्याहिले रांधू काय वं?" वडाभात कर म्हटलं.

२८ ऑक्टो.
माय वं! चार पोट्टे, केस खांद्यावर. पहिल्या गाण्याले लोक नुसते पाहून राहिले. तिसऱ्यात गिटारवाला डोळे मिटून असा वाजवत सुटला की अंगावर काटा. तेवढ्यात सरपंचमामा मंचावर! हाती शेला अन् नारळ. दंडारीत आपली रीतच, गाणं रंगलं की तिथंच थांबवून सत्कार. "थांबा बावा, लय बेस वाजवता!"
गिटारवाल्यानं नारळ घेतलाच नाही. तरातरा गाडीत जाऊन बसला. मामाचं तोंड एवढंसं झालं. मग दादाच वर चढला, मान वाकवून शेला आपल्या गळ्यात घेतला, मामाच्या पाया पडला. असा भाऊ कोणाले आहे?

३१ ऑक्टो.
लेख गेला. जसं झालं तसंच. गिटारवाल्याच्या बोटांची तारीफ इतकी, की न ऐकलेल्यालेही ऐकू यावी. अन् खाली सरळ, नारळ नाकारला तिथं बँड चुकला. रीत आधी सांगितली नाही म्हणून स्वतःलेही सोडलं नाही.

१४ नोव्हें.
संपादकानं लेख परत पाठवला, सोबत उत्तर. बँडले दुखवू नका, नारळवाल्या सरपंचावर जरा हसा, मग या मुंबईले. बाबा म्हणे, "दोन ओळीच तर बदलायच्या हायेत." मलेही वाटलं, बदल ना बाप्पा. दादा म्हणे, "खोटं कायले लिहू?" जेवलाही नाही.

१६ नोव्हें.
सरपंचमामा सकाळीच हजर. "माहं नाव आलं का रे इंग्रजीत?" दादानं लेख काढला अन् मराठीत सांगत गेला. नारळाचंही वगळलं नाही.  मामा म्हणाले, "पोट्टा वाजवत मात्र बेस होता रे."
दादानं तेवढं वाक्य लेखाच्या शेवटी जोडलं. बाकी अक्षर बदललं नाही. पोस्टात टाकून आला.
बाबानं पाण्याचा गडवा तेवढा पुढं केला.
आता नोकरी दिली तर दिली, नाही तर नाही, असं आईले तोऱ्यात सांगून बसली मी. पण मिळावी. लय मिळावी.