उरलेला रस्ता

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नवी कवळी खालच्या हिरडीला घासते म्हणतेस, तर परत पाठव. मीच बनवलीय, मीच दुरुस्त करीन.

आता एक सांगते, हसू नकोस. मी पळायला लागले आहे. झालं असं की मागे एकदा आमच्या दातांच्या लॅबचा पोचवणारा माणूस आलाच नाही आणि दवाखान्यात एक आजोबा बिनदातांचे ताटकळत बसलेले. मी कवळीची डबी उचलली आणि चक्क पळत सुटले. जाताना घाई होती, ते ठीक. पण डबी देऊन झाल्यावर येतानाही मी पळतच आले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी निघते. बुटांच्या दुकानदाराने विचारलं की बूट कुणासाठी घ्यायचेत. एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं की कुणी मागे लागलंय का. आमचे हे पिशवी घेऊन शेजारून चालत येतात, मी पळते, आणि कोपऱ्यावर दोघं एकदमच पोचतो. वजन मात्र जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा तपासला. म्हणाल्या, बाकी सगळं सुधारलंय, मग हे असं का ते त्यांनाही सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात दहा किलोमीटरची शर्यत आहे. नाव घातलंय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ढब्बू

१३ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं, वाचण्यात माझीच काहीतरी चूक होतेय. आपल्या घरात कुणी पळाल्याचं मला आठवत नाही. तुझा बाप तर दूध उतू जाताना दिसलं तरी खुर्चीतून सूचना द्यायचा.

वजन उतरत असतं तर मी समजू शकले असते. उतरत नाही, तर मग पळायचं कशाला? शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, मन मोकळं होतं. तिचं मन मोकळंच असतं, तिला काय कळणार. माझे गुडघे नुसतं बसून गेले, तुझे पळून जातील. ऐक माझं, हे खूळ सोड. बूट चालायला वापर.

कवळी वेगळी पाठवली आहे. तोवर मऊ भातावर भागवते.

तब्येतीला जप, आणि म्हातारीला विसरू नकोस.
तुझी आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं झालं म्हण. शर्यत झाली. मी शेवटची होते, त्याचं काही नाही, ते धरूनच चालले होते. पण माझ्या मागून शर्यतवाल्यांची एक गाडी हळूहळू येत होती. रंगाच्या दुकानापाशी ती शेजारी आली आणि पिवळ्या जाकिटातल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या की मॅडम, रस्ता वाहनांना मोकळा करायचाय, बसता का.

आत्या, मी दमले नव्हते. श्वास बरा चालला होता. पाय दुखत होते, पण ते कधी दुखत नाहीत? तरीही मी थँक्यू म्हणून आत जाऊन बसले. त्यांनी पाणी दिलं, केळं दिलं. मी केळं खाल्लंसुद्धा. मैदानावर उतरले तर कुणीतरी घाईघाईने गळ्यात पदक घातलं. मी सांगणार होते की मी गाडीतून आलेय, तोवर टाळ्या वाजल्या.

आज लॅबमध्ये मेणात दात बसवताना दोनदा डावा दात उजवीकडे लावला. मी का बसले, हेच डोक्यात फिरतंय. बूट माळ्यावर टाकलेत.

तू तरी रागावू नकोस.
तुझी ढब्बू

२८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

त्या पिवळ्या जाकिटवालीचा मला राग आला. मग तुझा आला. मग स्वयंपाक करता करता माझाच आला, आणि का ते कळेना.

बघ, फोटो काढताना आपल्यासारख्या जाड्यांना नेहमी मागच्या रांगेत उभं करतात. गाडीत पुढे बसवतात. लग्नात सांगतात, तुम्ही बसा, आम्ही वाढतो. सगळे प्रेमानेच सांगतात. आणि आपण बसतो. माझं सगळं आयुष्य असं कुणीतरी सांगितलेल्या जागी बसण्यात गेलं आणि मी एकदाही विचारलं नाही की मला उभं राहायचंय का. तू तरी विचारशील असं मला वाटत होतं बहुतेक. पळू नकोस असं मीच लिहिलं होतं. आता तू नाही पळालीस तर मी रागावेन. हे कसं, ते मला विचारू नकोस.

रंगाच्या दुकानापासून मैदानापर्यंतचा रस्ता अजून तिथेच असेल ना?

कवळी छान बसली. तुझं उत्तर येईपर्यंत मला चैन नाही.
तुझी आत्या

७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी गेले. ह्यांना स्टूल धरायला लावून माळ्यावरून बूट काढले, आणि रंगाच्या दुकानासमोरून सुरुवात केली.

शर्यतीच्या दिवशी रस्ता रिकामा होता, या वेळी सगळं चालू. सिग्नल लागला तर जागच्या जागी उड्या मारत उभी राहिले. भाजी घेणाऱ्या दोघी माझ्याकडे बघून बाजूला झाल्या. चढाला वाटलं, आता ती गाडी येईल. मागे वळून पाहिलं. रिक्षा होती, तीही वळून गेली. मला थांब म्हणणारं कुणी नव्हतं आणि पळ म्हणणारंही. हे फार विचित्र वाटलं.

मैदानात पोचले तर तिथे काहीच नाही. कमान नाही, रेघ नाही. राखणदाराला विचारलं की शर्यत नक्की कुठे संपली होती. त्याने हात फिरवला, म्हणाला, या खांबापासून त्या नळापर्यंत कुठेतरी. मी खांबापर्यंत गेले, मग नळापर्यंतही गेले, म्हणजे शंका नको. तो म्हणाला की बाई, शर्यत होऊन दिवस झाले. मी म्हटलं, हो, मी आत्ता पोचतेय.

त्याने थोडा विचार केला आणि विचारलं की मग आता थांबणार ना.  मी आणखी एक फेरी मारली.

मला आनंद झाला का, ते अजून नीट सांगता येत नाही. कळलं की लिहीन. तोवर तुझी माया असू दे.
तुझी ढब्बू